विश्वस्त म्हणून नाव देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

सामाजिक संस्थेच्या विश्वस्त मंडळावर येण्याचे निमंत्रण बहुधा फोनवर येते आणि त्यात "फार वेळ द्यावा लागणार नाही, वर्षातून चार सभा असतात, तुमचे नाव असले की आम्हाला बळ येईल" असे एक वाक्य हमखास असते. बोलावणारे मनापासून बोलत असतात, यात शंका नाही. तरीही लगेच होकार न देता एक महिन्याची मुदत मागून घ्यावी, कारण नाव देणे ही या कामातील सर्वांत सोपी गोष्ट असून तिचे परिणाम मात्र सर्वांत दीर्घकाळ टिकतात. निवासी बालगृह आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेत मी बरीच वर्षे बिनपगारी विश्वस्त आहे आणि त्यांपैकी काही वर्षे खजिनदार होतो. पुढील सूचना त्या अनुभवावर आधारलेल्या आहेत आणि त्या महाराष्ट्रातील नोंदणीकृत संस्थांना उद्देशून आहेत, कारण सार्वजनिक न्यासांचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे.

होकारापूर्वीचा महिना

मुदत मिळाल्यावर संस्थेकडे पुढील कागद मागावेत: संस्थेची घटना किंवा न्यासपत्र, धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या नोंदीचा, ताजा उतारा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सभांची इतिवृत्ते आणि प्राप्तिकर खात्याच्या नोंदणीचे आदेश. हे कागद मागताना संकोच वाटतो आणि आपण अविश्वास दाखवतो आहोत असे समोरच्याला वाटेल की काय, ही शंका मनात येते. जी संस्था हे कागद आठवड्याभरात आनंदाने पाठवते, तिचे निम्मे उत्तर तेथेच मिळालेले असते. जी संस्था "ते सगळे आमचे सीए बघतात, तुम्ही काळजी करू नका" असे सांगते, तिच्या बाबतीत काळजी सुरू करावी.

घटना वाचताना उद्दिष्टांच्या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. स्त्रियांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेली संस्था पुढे पाणलोटाचे काम करू लागते, कारण त्या वर्षी निधी पाणलोटासाठी उपलब्ध असतो. काम चांगलेच असते, पण घटनेतील उद्दिष्टांत ते बसत नसेल तर त्यावर झालेला खर्च उद्या आक्षेपास पात्र ठरतो. त्यानंतर विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या, त्यांची मुदत, निवडीची पद्धत, गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती) आणि बँक खात्यावर कोणाकोणाच्या सह्या चालतात ही कलमे पाहावीत.

परिशिष्ट एकचा उतारा हा सर्वांत बोलका कागद असतो. महाराष्ट्रातील बहुतेक सामाजिक संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात, आणि कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त कोण हे परिशिष्ट एकवर कोणाची नावे आहेत यावरून पाहिले जाते. विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात हे काम इतके मागे पडते की अनेक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे असतात आणि दहा वर्षे सभा चालवणाऱ्या मंडळींची नावे नसतात. आमच्याकडे मी रुजू झालो तेव्हा उताऱ्यावरील सात नावांपैकी तिघे हयात नव्हते; ते निस्तरण्यात दोन वर्षे गेली आणि त्या काळात बँकेने सह्या बदलून देण्यास नकार दिल्यामुळे एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना प्रत्येक धनादेशासाठी रिक्षाने कार्यालयात आणावे लागे. मागील बदल अर्ज प्रलंबित असताना पुढील बदल दाखल करणे गुंतागुंतीचे होत जाते, म्हणून आपण मंडळावर येण्यापूर्वी आधीचे अर्ज कोठवर आले आहेत हे लेखी विचारून घ्यावे.

आणि या महिन्यात एकदा तरी प्रकल्पावर जाऊन यावे. आधी कळवून जावे. छापा घालण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि आवश्यकताही नाही. जेवणाच्या वेळी जावे, पंगतीत बसून तेच जेवावे, आणि रात्री किती माणसे ड्युटीवर असतात एवढा एक प्रश्न विचारावा. निवासी संस्थेतील बहुतेक अडचणी रात्री घडतात आणि अहवालात मात्र दिवसाचीच माहिती असते.

कायदा आपल्याकडून काय अपेक्षितो

१९५० च्या अधिनियमातील कलम ३६अ मध्ये विश्वस्ताच्या कर्तव्याचे माप दिलेले आहे: सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःचा पैसा आणि स्वतःची मालमत्ता यांची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी विश्वस्ताने न्यासाच्या पैशाची व मालमत्तेची घ्यावी. या मापात दोन दिलासे आहेत. विश्वस्ताने लेखापाल किंवा वकील असणे अपेक्षित नाही, आणि सद्भावनेने, विचारपूर्वक घेतलेला निर्णय पुढे चुकला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. एक दिलासा मात्र त्यात नाही: आपण मानधन घेत नाही, म्हणून जबाबदारी कमी होते असे हे कलम म्हणत नाही. हिशेब सादर करण्यात सातत्याने कसूर करणे, कर्तव्याकडे दुर्लक्ष करणे, न्यासाच्या पैशाचा अपहार करणे अशा कारणांवरून धर्मादाय आयुक्त कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करू शकतात, आणि तेथे "मी सभांना येतच नव्हतो" हा बचाव न ठरता कबुली ठरतो.

तीन बाबतींत धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे पाठच करून ठेवावे. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देणे. आणि न्यासासाठी एखाद्या व्यक्तीकडून कर्ज काढणे. यांतील तिसरी बाब चांगल्या माणसांच्या हातून मोडली जाते. अनुदान अडकले, पगाराची तारीख आली, आणि एखाद्या विश्वस्ताने भावनेच्या भरात चार लाख रुपये संस्थेला हातउसने दिले, असे प्रसंग सर्वत्र घडतात. उसनवारी हीदेखील कर्जच आहे. ज्याला द्यायचे असेल त्याने शक्य तर देणगी म्हणून द्यावे आणि परत हवे असतील तर परवानगीचा मार्ग धरावा. उदार मनाने दिलेली ही रक्कम लेखापरीक्षणात "विश्वस्त हा न्यासाचा धनको आहे काय" या प्रश्नापुढे होय असे उत्तर होऊन बसते.

सभा

संस्थेला विश्वस्ताचा खरा उपयोग सभेत होतो, आणि तो सभेपूर्वीच्या आठवड्यात ठरतो. विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त, तिमाहीचा जमाखर्च आणि प्रकल्पाचा अहवाल हे चार कागद किमान सात दिवस आधी हाती पडले पाहिजेत, अशी पद्धत घालून द्यावी. ती नसेल तर आपल्या पहिल्याच सभेत तशी विनंती करावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. सचिव बहुधा एकच माणूस असतो आणि तोच अनुदानाचे प्रस्ताव, सरकारी पत्रव्यवहार आणि गॅस सिलिंडर या सर्वांच्या मागे असतो, याची जाणीव ठेवून ही विनंती करताना "मी इतिवृत्त लिहून देतो" असे म्हणण्याची तयारी असावी. नव्या विश्वस्ताला संस्था समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याला प्रत्येक ठरावाचा अर्थ विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकारच असतो.

इतिवृत्तात भाषणे नकोत. कोण उपस्थित होते, कोणता ठराव झाला, सूचक व अनुमोदक कोण, किती रकमेपर्यंत मंजुरी, काम कोणी व कधीपर्यंत करायचे आणि कोणाचा विरोध असल्यास तो, एवढे पुरे. विरोध नोंदवणे आपल्याकडे भांडण समजले जाते. एखाद्या निर्णयाशी आपण सहमत नसू तर शांतपणे "माझे मत वेगळे आहे, कृपया तशी नोंद घ्यावी" असे सांगावे आणि बहुमताने झालेला निर्णय बाहेर आल्यावर सर्वांसह पाळावा. सभेत गप्प बसून नंतर चहाच्या टपरीवर नापसंती व्यक्त करणारा विश्वस्त संस्थेला सर्वांत महाग पडतो.

"अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय" या शेवटच्या कलमाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. कोणाच्या निधनाचा शोकप्रस्ताव किंवा दुसऱ्या दिवशी मुदत संपणारा अर्ज येथे येणे स्वाभाविक आहे. जागेचा करार, नवीन बँक खाते, नातेवाईकाची नेमणूक किंवा वाहनखरेदी हे विषय सर्वजण पिशव्या उचलून निघण्याच्या तयारीत असताना येऊ लागले, तर ते पुढील सभेच्या पत्रिकेवर घ्यावेत असे सुचवावे. त्याचप्रमाणे न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर, किंवा आपण नसलेल्या सभेच्या हजेरीपटावर, "फक्त फॉर्मॅलिटी आहे" असे सांगून सही मागितली गेली तर ती करू नये. नकार देताना आवाज चढवण्याची गरज नसते. पुढची सभा कधी घेता, मी नक्की येतो, एवढे म्हणावे.

प्रश्न विचारण्याची एक रीत असते. "हा खर्च कशाला केला?" या प्रश्नाला बचाव मिळतो; "या खर्चाचा पुढील तिमाहीत अंदाज किती?" या प्रश्नाला माहिती मिळते. आकड्यांवरचे किरकोळ प्रश्न आधी फोनवर विचारून घ्यावेत आणि सभेचा वेळ ज्या प्रश्नांचे उत्तर कोणाकडेच तयार नाही त्यांच्यासाठी राखावा: वृद्धाश्रमातील निम्म्या रहिवाशांना आता अंथरुणातून उठता येत नाही, तर आपली माणसे आणि इमारत त्यासाठी पुरेशी आहेत का; अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले बालगृहातून बाहेर पडल्यावर कोठे जातात, आणि त्यांचा पत्ता आपल्याकडे आहे का. ज्या सभेत अशा एका प्रश्नावर अर्धा तास गेला, ती सभा वाया गेली नाही असे समजावे.

पैसा

हिशेबाची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्याला घरखर्च चालवता येतो त्याला न्यासाचा ताळेबंद समजतो, फक्त तो कोणत्या क्रमाने वाचावा हे कळले पाहिजे. सुरुवात शेवटापासून करावी. लेखापरीक्षकाच्या अहवालासोबत नियमानुसार एक प्रश्नावली जोडलेली असते: रोकड शिल्लक जुळते काय, कलम ३५ चे उल्लंघन करून गुंतवणूक झाली आहे काय, ५,००० रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या काय, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे काय, सभा नियमित होतात काय, इतिवृत्त पुस्तक ठेवले आहे काय. बहुतेक विश्वस्त हे पान उलटून थेट शिल्लक पाहतात. वास्तविक एवढ्या एका पानावर आपल्या कारभाराची वर्षभराची प्रगतिपुस्तिका असते, आणि तिच्यातील प्रत्येक "नाही" हा पुढील सभेचा विषय असला पाहिजे.

त्यानंतर बँकेतील रकमेचे दोन भाग पाडून मागावेत. ताळेबंदात चाळीस लाख दिसतात. पण त्यांतील बत्तीस लाख एखाद्या कंपनीने सामाजिक उत्तरदायित्वाखाली केवळ संगणक कक्षासाठी दिलेले असतील, तर स्वयंपाकिणीचा पगार उरलेल्या आठ लाखांतूनच होणार. हा फरक न समजल्यामुळे "पैसे असताना पगार का थकले?" असा अन्यायकारक प्रश्न विश्वस्त विचारतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी संगणकाचे पैसे पगाराकडे वळतात. विशिष्ट कामासाठी आलेला निधी, कायम निधी आणि मोकळा निधी यांचे स्वतंत्र तक्ते दर तिमाहीला मागावेत, आणि मोकळ्या निधीतून किती महिन्यांचे पगार निघतील हा आकडा सर्वांना तोंडपाठ असावा. माझ्या मते सहा महिने ही सुखाची स्थिती, तीन महिने ही सहन करण्याजोगी आणि त्याखाली आले की देणग्यांसाठी विश्वस्तांनी स्वतः घराबाहेर पडावे.

ठेवींच्या बाबतीत महाराष्ट्राचा एक खास मोह आहे. गावातील पतसंस्था राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा एक-दीड टक्का अधिक व्याज देते, तिचे संचालक आपल्या ओळखीचे असतात आणि कार्यक्रमाला देणगीही देतात. कलम ३५ ने न्यासाचा पैसा कोठे ठेवता येतो ते ठरवून दिले आहे, आणि ओळख हा त्यातील निकष नाही. अधिक व्याजासाठी ठेवलेली मुद्दल अडकली म्हणजे वर्षानुवर्षे लोकांनी दहा-वीस रुपयांनी जमवलेला पैसा गेलेला असतो, आणि त्याचा जाब विश्वस्तांनाच द्यावा लागतो.

प्राप्तिकराच्या बाजूने विश्वस्ताला चार गोष्टी माहीत असल्या तरी पुरे. संस्थेची करमाफीची नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी नोंदणी या दोन्ही आता कायमच्या राहिलेल्या नाहीत. त्यांना मुदत असते आणि नूतनीकरणाची तारीख एका जागी लिहून ठेवलेली नसेल तर ती चुकते. वर्षाच्या उत्पन्नापैकी सर्वसाधारणपणे ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते, आणि मोठ्या कामासाठी पैसा साठवायचा असल्यास ते कारण मुदतीत खात्याला कळवावे लागते. २,००० रुपयांवरील रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. आणि देणगीदारांच्या नावांचे विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरण्याची पद्धत लागू झाल्यापासून पावतीवर पॅन क्रमांक न घेण्याची जुनी सवय महाग पडते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी बोलण्यात ८०जी पुढील पिढीपर्यंत ८०जीच राहील असे दिसते.

परदेशातील मराठी मंडळी गावाकडच्या संस्थेला मदत करू इच्छितात तेव्हा सर्वांत अधिक गोंधळ होतो. देणारा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवत असेल, तर तो परदेशात राहत असला तरी ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ती परकीय देणगी ठरते, आणि विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारणे गुन्हा आहे. नोंदणी असलेल्या संस्थेलाही २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि तिच्यातून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. न्यू जर्सीतील मावसभावाने प्रेमाने थेट संस्थेच्या चालू खात्यात पाठवलेले पाचशे डॉलर हे म्हणूनच संकट असते. त्याला आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारण्यात काहीही अशिष्ट नाही.

आणि हितसंबंध. विश्वस्ताच्या पुतण्याचे छपाईचे दुकान असेल आणि तो सर्वांत स्वस्त छापून देत असेल, तरी त्या विश्वस्ताने आधी ते सांगावे, चर्चेच्या वेळी बाहेर बसावे, तीन दरपत्रके घेतली जावीत आणि हे सर्व इतिवृत्तात यावे. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना संस्थेकडून अवाजवी लाभ मिळाल्यास करमाफी धोक्यात येते. वर्षाच्या आरंभी प्रत्येक विश्वस्ताने आपले संबंध एका कागदावर लिहून द्यावेत. अध्यक्षांनी स्वतःचा कागद सर्वांत आधी दिला म्हणजे इतरांना अपमान वाटत नाही.

ज्यांच्यासाठी संस्था आहे

बालगृहाशी संबंधित विश्वस्ताने दोन कायदे मूळातून वाचावेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे आणि प्रत्येक मुलाचा प्रवेश बाल कल्याण समितीच्या आदेशाने होतो. "आईने हातापाया पडून ठेवले" ही कितीही खरी गोष्ट असली तरी तिने आदेशाची जागा भरून निघत नाही. याच अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करते. विश्वस्त आपल्या नातवाचा वाढदिवस बालगृहात साजरा करतात, केक कापतात, मुलांना रांगेत बसवून फोटो काढतात आणि तो संध्याकाळपर्यंत चार व्हॉट्सॲप गटांत फिरतो. हे थांबवण्याचे काम अधीक्षिका करू शकत नाही, कारण फोटो काढणारा तिच्या मालकाच्या जागी असतो. ते विश्वस्तांनीच स्वतःपुरते थांबवावे.

दुसरा कायदा म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो. अशा अपराधाची माहिती ज्याला मिळेल त्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाच्या बाबतीत संस्थाप्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. "आधी आपण अंतर्गत चौकशी करू, संस्थेचे नाव आहे" हे वाक्य सभेत कोणीही उच्चारले, तर ज्येष्ठतेचा मान न ठेवता त्याला त्याच क्षणी थांबवावे. कळवणे आधी, बाकी सर्व नंतर. ही शिस्त प्रसंग येण्यापूर्वी लेखी ठरवून, कोणी कोणाला किती तासांत फोन करायचा हे कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवावे.

कर्मचारी आणि विश्वस्त यांच्यातील रेघ

निवृत्त अधिकारी विश्वस्त झाले की त्यांना संस्था "चालवावीशी" वाटते. ते सकाळी प्रकल्पावर येतात, भाजीचा हिशेब पाहतात, काळजीवाहक ताईंना सूचना देतात, आणि महिन्याभरात कर्मचाऱ्यांना दोन मालक होतात. मंडळाचे म्हणणे अध्यक्षांमार्फत रोजचा कारभार पाहणाऱ्या संचालकांना आणि संचालकांमार्फत कर्मचाऱ्यांना कळावे. कर्मचाऱ्याने आपल्याला वाटेत गाठून तक्रार सांगितली तर ऐकून घ्यावी, आश्वासन देऊ नये, आणि ती कोणाकडे मांडायची हे सांगावे. यास एक अपवाद आहे: तक्रार छळाची किंवा अपहाराची असेल, तर ती आपल्यापाशी थांबू देऊ नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिच्यात बाहेरील सदस्य लागतो. ही समिती कागदावर आहे की तिची सभा होते, हे वर्षातून एकदा विचारावे.

आपण शनिवारी मुलांना इंग्रजी शिकवत असू किंवा रहिवाशांचा रक्तदाब तपासत असू, तर त्या तासापुरते आपण स्वयंसेवक असतो आणि अधीक्षिकेच्या सूचना आपल्याला लागू असतात. वेळेवर यावे, नोंदवहीत सही करावी, येणार नसल्यास कळवावे. विश्वस्ताने हे पाळले की इतर स्वयंसेवक आपोआप पाळू लागतात.

पगाराविषयी एक अप्रिय गोष्ट. आपल्याकडे सेवेच्या नावाखाली कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे "मानधन" दिले जाते, म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्न येत नाही अशी समजूत असते. कायदा शब्दाकडे न पाहता कामाच्या स्वरूपाकडे पाहतो. शिवाय स्वतः पोटापाण्याची ददात नसलेल्या माणसांनी, अकरा हजारांत रात्रपाळी करणाऱ्या बाईला त्यागाचे महत्त्व सांगू नये. अंदाजपत्रक करताना पगारवाढ शेवटच्या ओळीत उरलेल्या पैशांतून न ठरवता आधी ठरवावी.

देणग्या मिळवताना

प्रत्येक विश्वस्ताने स्वतः दरवर्षी काही रक्कम द्यावी, ती किती हे ज्याने त्याने ठरवावे. दुसऱ्याकडे मागायला जाताना "मी दिले आहे" असे सांगता येणे आवश्यक असते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतील स्त्रिया दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड पुष्कळांना आठवत असेल. ज्या घरातून मूठ येई ते घर वसतिगृहाची विचारपूसही करी. मोठ्या देणगीदारामागे धावताना पाचशे रुपयांच्या शंभर देणगीदारांना वर्षातून एकदा हिशेबाचे पत्र जाते का, हे पाहावे. कंपन्यांकडे जायचे असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी घेण्यासाठीची) झालेली असली पाहिजे, आणि विश्वस्ताचे काम ओळख करून देऊन बाजूला होण्याचे आहे. प्रकल्प समजावून सांगणे संचालकांना अधिक चांगले जमते.

मुदत संपताना

घटनेत मुदत लिहिलेली असेल तर ती पाळावी आणि लिहिलेली नसेल तर स्वतःपुरती ठरवून घ्यावी. माझ्या अनुभवात सहा ते नऊ वर्षांनंतर आपले प्रश्न तेच तेच होऊ लागतात. जाण्याच्या वर्षभर आधी आपल्याहून तरुण, आणि शक्य तर आपल्या वर्तुळाबाहेरच्या दोन व्यक्तींना निमंत्रित म्हणून सभांना बोलवावे. संस्थेच्या सेवेचा लाभ घेऊन मोठी झालेली एखादी माजी विद्यार्थिनी मंडळावर आली तर चर्चेचा सूरच बदलतो, हे मी पाहिले आहे.

राजीनामा तोंडी देऊ नये. तो तारखेसह लेखी द्यावा, पोच घ्यावी, तो मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत मागावी, बँकेतील सही काढून घेतल्याचे पत्र पाहावे आणि बदल अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक स्वतःजवळ ठेवावा, कारण परिशिष्ट एकवर नाव असेपर्यंत येणाऱ्या नोटिसा आपल्याच पत्त्यावर येत राहतात. घरी असलेल्या फायली, संस्थेच्या ईमेलचे पासवर्ड, कपाटाची किल्ली आणि न वापरलेली पावतीपुस्तके यादी करून सचिवांच्या ताब्यात द्यावीत, आणि त्या यादीवर दोघांनीही सही करावी.